दोन नंबरचा माग

पार्सलवर नाव कन्नडमध्ये, पत्ता इंग्रजीत,
आणि कुरिअरवाल्यानं गल्लीतून हाक मारली ती मराठीत:
"बुचडी शशिरेखा! ओटीपी सांगा."
आत फोममध्ये काळी पट्टी, टीचभर उंच,
सोळा नॉब, बावीस भोकं,
पाठीमागं चपटी वायर. तांबडी कड म्हणजे उणे बारा व्होल्ट,
उलटी खोचली की संपलं.
दीड वर्षाची शिल्लक माझी, ट्यूशनची.

पेटी आधीच करून ठेवली होती.
मोडीत निघालेल्या मागाच्या हात्याचं लाकूड,
उद्यमबागेतल्या निंगाप्पानं कापून दिलेल्या अल्युमिनियमच्या पट्ट्या,
त्यांवर त्याच्या मार्करचा आकडा अजून पुसलेला नाही.

आबांना म्हटलं, ऑसिलेटर आहे.
"म्हंजे काय करतंय ते?"
हलतंय. एकाच जागी. सेकंदाला दोनशेवीस वेळा.
"आणि कापड?"
कापड नाही.
"हां," म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

हा दुहेरी. एक आवाज डावीकडं, एक उजवीकडं.
आत नुसते आकडे, लाटेचा एकेक तुकडा मोजून ठेवलेला.
तिसरा नॉब फिरवला की गोल लाट दुमडते,
दुमडीवर दुमड, साडीची घडी घालावी तशी,
आणि दर घडीला नवेच काठ दिसतात.
पाचवा फिरवला की एक दुसऱ्याला ढोसायला लागतो:
आधी काशाची वाटी पडल्यासारखं वाजतं,
मग वाटी राहत नाही, नुसतं पडणं.

रात्री दहाला वडगावातले माग थांबतात
(हेस्कॉमनं आधीच थांबवले नसले तर).
हेडफोन घातला. डावा दोनशेवीस,
उजवा दोनशेवीस आणि वर एक.
डोक्याच्या मधोमध काहीतरी फिरायला लागलं,
सावकाश, सेकंदाला एक फेरा,
आड रिकामा असावा आणि तळाशी कुणीतरी चालत असावं.

"आमाला बी बघू दे की."
आबा ऐकत बसले, डोळे मिटून. बराच वेळ.
"बरं हाय. सूर एकच हाय. हलंना."
मी अंतर वाढवलं.
"हलंना."

डावा कान.
एकतीस वर्षं एक नंबरच्या मागाकडं डावी बाजू करून उभे राहिले.
आम्ही सगळे त्यांच्या उजव्या अंगाला बसून जेवतो,
जागा कुणी ठरवल्या ते कुणालाच आठवत नाही.
फिरत होतं ते दोन कानांच्या मध्ये फिरत होतं.
एका कानाच्या वाट्याला ते येत नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात:
उजवं भोक रिकामं ठेवल्यास दोन्ही आवाज डाव्यातूनच, एकत्र.
वायर उपटली. हेडफोन काढून
शिकवणीतला छोटा स्पीकर जोडला.
आवाज भरला, ओसरला. भरला,
ओसरला.
आबांची मान हलली नाही. पाय हलला.
"सावकाश कर जरा."
केलं.
"अजून. हां. थांब."

"एक नंबर आणि दोन नंबर, हेच. कधी जुळलेच न्हाईत बघ.
मोटर सारखी, पट्टा सारखा, ऑईल बी एकाच डब्यातलं.
पण साताला चालू केले की नवाच्या सुमाराला
दोघं एकदम ठोकायचे. दोन ठोके, लई तर तीन.
तुझी आई तेवढ्याला कांडी भरायची थांबायची."
मग?
"मग काय. परत सुटायचे की."

पेटीच्या लाकडावरून त्यांचा अंगठा गेला,
धोट्यानं घासून पडलेल्या पन्हळीत थांबला.
ओळखलं असणार. बोलले नाहीत.
मग पहिल्यांदाच स्वतः नॉब धरला
आणि वळवत गेले,
भरणं लांबलं, ओसरणं लांबलं,
शेवटी दोन्ही आवाज एकावर एक बसले. सपाट. गुळगुळीत.
चार-पाच सेकंद खोलीत काहीच हललं नाही.

"साकु," म्हणाले. "हे करंट गेल्यागत वाटतंय."

आणि केसभर मागं घेतला.